बालपुनर्वसनातील संघबैठक आणि संधाय संभाषा

सेरेब्रल पाल्सी असलेल्या बालकाची चिकित्सा एकट्या वैद्याच्या हातची नाही. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक आणि आपण असे अनेक जण एकाच बालकासाठी झटत असतात. प्रत्येकाचा सल्ला आपापल्या जागी योग्य असला, तरी ते सल्ले एकमेकांशी जुळले नाहीत, तर मातेच्या पदरी परस्परविरोधी सूचनाच पडतात. म्हणून संघबैठक हे चिकित्सेचेच अंग मानले पाहिजे.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार वर्णिले आहेत. पहिली स्नेहभावाने होणारी, दुसरी जयपराजयासाठी. संघबैठक ही संधाय संभाषाच असावी. त्यासाठी पुढील पथ्ये उपयुक्त ठरतात, असे आम्हांस वाटते.

१. उद्दिष्ट कृतीत सांगावे. ‘ताठरपणा कमी करणे’ हे अपुरे आहे. ‘तीन महिन्यांत आधाराने बसून स्वतःच्या हाताने घास घेणे’ हे सर्वांना पडताळता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेले आयसीएफ वर्गीकरणही कृती व सहभाग यांना महत्त्व देते.

२. भाषा समान असावी. दोष-दूष्यांची परिभाषा इतरांना अपरिचित असते. बालकाची हालचाल १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीएमएफसीएसच्या पाच पातळ्यांत सांगितल्यास सर्वांसमोर एकच चित्र उभे राहते.

३. पालकांनी प्रथम बोलावे. चरकांनी रुग्णाच्या गुणांत ज्ञापकत्व सांगितले आहे. बोलू न शकणाऱ्या बालकाचे ज्ञापक त्याचे आईवडीलच होत.

४. सर्व औषधे बैठकीत मांडावीत. रसकल्पांसह प्रत्येक औषधाची यादी औषधालयचालकांनी पालकांना लेखी द्यावी. अपस्माराची गोळी परस्पर बंद करू नये. ती अचानक थांबल्यास दीर्घकाळ न थांबणारे झटके येऊन बालकाच्या जिवावर बेतू शकते. अभ्यंग-स्वेदनाची वेळही फिजिओथेरपिस्टशी बोलून ठरवावी.

५. निर्णय लिहून ठेवावा. कोणी, काय, केव्हापर्यंत करावयाचे व पुढील बैठक कधी, एवढे एका कागदावर पुरे. त्याची प्रत पालकांना द्यावी.

काश्यपसंहितेत फक्करोगी बालकासाठी शिल्पीकडून तीन चाकांचा रथ करवून घेण्यास सांगितले आहे. स्नेह व औषधांबरोबर कारागिराचे साहाय्य घेण्यात आपल्या आचार्यांना कमीपणा वाटला नाही. आपणही तो मानू नये.