स्वस्त हत्यारे कुठवर चालतात?

प्रश्न : घरीच मोटारीची किरकोळ दुरुस्ती करण्यासाठी स्वस्त हत्यारे पुरेशी ठरतात का?

उत्तर : हत्यार ऐन वेळी निकामी झाल्यास किती नुकसान होईल, हा निवडीचा मुख्य निकष होय. हातोडी, पक्कड किंवा क्वचित लागणारे पाने स्वस्त असले तरी चालतात. मात्र सॉकेट क्रोम-व्हॅनेडियम, म्हणजे झीज व ताण सोसणाऱ्या मिश्रपोलादाचे आणि आतून सहा कोनांचे असावे, कारण बारा कोनांच्या सॉकेटमुळे गंजलेल्या नटाच्या कडा झिजून सॉकेट निसटण्याचा संभव अधिक असतो. टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरावीक पिळापर्यंत आवळला गेल्याचे दर्शविणारा पाना, आणि उचललेल्या गाडीचा भार पेलणारे जॅक-स्टँड यांत काटकसर करू नये. हायड्रॉलिक जॅकमधून तेल गळाल्यास गाडी खाली येऊ शकत असल्याने केवळ त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरणे जिवावर बेतू शकते.