चिखलणीनंतरची सकाळ

आमच्या खेरडीत आषाढ लागला की ट्रॅक्टरला उसंत नसते. दादरा-नगर हवेलीचा पाऊस दमदार, शेती भाताची आणि चिखलणीचे दिवस मोजके. नेमक्या त्याच दिवसांत माझा एचएमटी 2511 बसला आणि तो माझ्या हयगयीने बसला.

ट्रॅक्टर मी जुनाच घेतला होता. पिंजोरच्या कारखान्यात 1971 साली चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या तंत्रावर हे मॉडेल निघालं. दोन सिलिंडर, पंचवीस हॉर्सपॉवर, लहान खाचरात वळायला सोपा. घेताना इंजिनाचा आवाज ऐकला, धूर पाहिला, टायर दाबून पाहिले. मागच्या एक्सलची सील आणि गिअर बॉक्सचा ब्रीदर मात्र पाहिला नाही.

केज व्हील लावून चार दिवस चिखलणी केली. पाचव्या दिवशी तिसऱ्या गिअरमध्ये घूं घूं ऐकू आली. हातातलं काम संपू दे म्हणून मी तसाच चालवला. संध्याकाळी गिअर अडकला. मिस्त्रींनी खालचा नट काढला आणि दुधाच्या चहासारखं तेल बाहेर आलं. "काका, हे तेल नाही, पाणी आहे. बेअरिंग गेलं तुमचं." दुरुस्तीत दोन आठवडे गेले. तोवर राबातली रोपं जून झाली, लावणी उशिरा झाली आणि फुटवा कमी आला. पैशापेक्षा ते जास्त लागलं.

पाणी आत जातं कसं, ते मला तेव्हा समजलं. दिवसभर कामाने गिअर बॉक्स तापतो. तापलेला ट्रॅक्टर गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते. ब्रीदर मोकळा असेल तर बाहेरची हवा तिथून आत येते. तो चिखलाने बुजला असेल, तर ओढ सीलवर येते आणि झिजलेल्या सीलच्या कडेने पाणी आत शिरतं. माझा ब्रीदर तर गवत नि मातीने लिंपून गेला होता.

म्हणून आता रोज संध्याकाळी ब्रीदर पुसतो आणि सकाळी स्टार्टर मारण्याआधी ड्रेन नट हलका ढिला करतो. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरमध्ये पाणी तेलाखाली बसतं, त्यामुळे आधी पाणीच गळतं. शुद्ध तेल दिसलं की नट घट्ट. तेल पांढरट झालं असेल तर मात्र ते सगळं काढा, डिझेलने धुवा, स्वस्त तेल घालून ओझ्याशिवाय थोडा वेळ फिरवा, तेही काढा आणि मगच चांगलं तेल भरा.

सीलबद्दल थोडं. 2016 मध्ये केंद्र सरकारने पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला, तेव्हापासून या मॉडेलचे भाग मागायला गेलं की बरेच दुकानदार नकार देतात. पण सील मॉडेलच्या नावाने मागूच नका. तिच्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी कोरलेली असते. जुनी सील पुसून सोबत न्या, बेअरिंगच्या कोणत्याही दुकानात जोड मिळते. बसवताना शाफ्टवर नख फिरवा. जुन्या सीलने खाच पाडली असेल, तर नवी सीलही गळेल. मी पहिल्यांदा हे तपासलं नव्हतं आणि महिन्याभरात तीच गळती पुन्हा सुरू झाली.

डिझेलची टाकीही रात्री रिकामी ठेवू नका. पावसाळ्यातल्या दमट हवेचं पाणी टाकीच्या आतून धरतं आणि पंप खाऊन टाकतं. संध्याकाळीच भरून ठेवा.

आणि चिखलाचं निघालंच आहे म्हणून सांगतो, रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना ओंडका बांधून रेस देऊ नका. चाक अडलं की पुढची बाजू उचलते आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यावरच उलटा पडतो. दुसऱ्या ट्रॅक्टरची वाट पाहा, मग अर्धा दिवस गेला तरी चालेल.

यंदाची चिखलणी जवळ आली आहे. घरात जुना ट्रॅक्टर असेल तर उद्या सकाळी तो सुरू करण्याआधी एकदा वाका, पाना लावा आणि नटातून काय गळतं ते पाहा.