कासेत बुरशी कशी शिरते?

प्रश्न : वायरारापातल्या एका मित्राच्या फार्मवर मेंढीची कास दगडासारखी झाली होती. अँटिबायोटिक देऊनही उतार पडेना, तेव्हा व्हेट म्हणाल्या, "बुरशी असू शकते." पावावर येते ती बुरशी कासेत कशी जाते? आणि ती ओळखतात कशी?
– एक वाचक, जॉन्सनव्हिल, वेलिंग्टन

उत्तर : जॉन्सनव्हिलच्या स्टेशनावर एकेकाळी मेंढ्या आगगाडीतून उतरत, तेव्हा हा प्रश्न तिथून यावा हे साजेसंच!

कासेच्या अशा सुजेला आपल्याकडे 'दगडी' म्हणतात. मेंढ्यांत ती बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा मॅनहाइमिया या जिवाणूंमुळे होते. बुरशीची दगडी विरळा. ती झालीच तर कँडिडा किंवा क्रिप्टोकॉकस हे यीस्ट, नाहीतर कुजक्या चाऱ्यावर वाढणारी ॲस्परजिलस सापडते. तिला दार बरेचदा उपचारच उघडून देतो. सडात औषधाची ट्यूब सोडताना सडाचं टोक किंवा नळी अस्वच्छ असली, की बुरशी आत ढकलली जाते. अँटिबायोटिकने जिवाणू मरतात, बुरशीला मात्र रान मोकळं मिळतं.

कास चाचपून जिवाणू की बुरशी हे कळत नाही. फार्मवरच्या कॅलिफोर्निया चाचणीत दुधात द्रावण मिसळतात. दुधात पांढऱ्या पेशी वाढल्या असतील तर मिश्रण बुळबुळीत, घट्ट होतं. त्यावरून सूज कळते, कारण कळत नाही. त्यासाठी सड स्पिरिटने पुसून, पहिल्या धारा सोडून, निर्जंतुक बाटलीत दूध घ्यावं लागतं. प्रयोगशाळेत ते साबुरो नावाच्या माध्यमावर पसरतात. जिवाणू वाढू नयेत म्हणून त्यात क्लोरॅम्फेनिकॉल घातलेलं असतं. यीस्ट दोन-तीन दिवसांत दिसतं, काही बुरशींना आठवडे लागतात. क्रिप्टोकॉकस असेल तर इंडिया इंकच्या काळ्या पार्श्वभूमीवर पेशीभोवती कवचाचं स्वच्छ वलय दिसतं.

पण बुरशीचे बीजाणू हवेत, गवतात, हातांवर सगळीकडे असतात. म्हणून एकदा उगवली एवढ्यावर निकाल देत नाहीत. दुसऱ्या नमुन्यातही तीच बुरशी आली आणि रोगकारक जिवाणू सापडले नाहीत, तर निदान पक्कं होतं.

न्यूझीलंडमध्ये गाजलेला 'फेशियल एक्झिमा' हा वेगळा आजार. त्यात गवतावरच्या बुरशीचं विष पोटात जाऊन यकृत बिघडतं. कासेत बुरशी वाढत नाही.

मित्राला एवढंच सांगा : पुढच्या वेळी आधी नमुना, मग ट्यूब.