फळ की फळांचा रस? : रक्तशर्करा आणि हृदयाच्या आरोग्याचा विचार

चेन्नईतील नुंगंबाक्कम हा महाविद्यालये व कार्यालयांनी गजबजलेला परिसर आहे. विमेन्स ख्रिश्चन कॉलेज (1915) व लॉयोला कॉलेज (1925) या जुन्या संस्था येथेच आहेत. अशा दमट, उष्ण शहरात 'सात्तुकुडी' म्हणजेच मोसंबीचा रस हे तरुणांचे नित्याचे पेय होय. शीतपेयापेक्षा रस आरोग्यदायी, असा सार्वत्रिक समज आहे. तो कितपत खरा आहे, हे तपासणे चेन्नईच्या संदर्भात विशेष महत्त्वाचे ठरते.

समस्येचे स्वरूप

चेन्नईतील सर्वेक्षणांनुसार शहरातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण 1989 मध्ये 8.3 टक्के होते. 2004 पर्यंत ते 14.3 टक्क्यांवर पोहोचले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि चेन्नईची मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन यांनी केलेल्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह असून 13.6 कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. सर्वाधिक प्रमाण गोव्यात, म्हणजे 26.4 टक्के, आढळले. मधुमेहामुळे हृदयविकाराचा धोका वाढतो. त्यामुळे हे दोन्ही प्रश्न परस्परांशी निगडित आहेत.

मुक्त शर्करा म्हणजे काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदार्थात वरून घातलेली साखर, तसेच मध, पाक व फळांच्या रसातील नैसर्गिक साखर यांना 'मुक्त शर्करा' म्हणतात. अखंड फळातील साखर मात्र या व्याख्येत येत नाही. मुक्त शर्करेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी असावी, अशी संघटनेची शिफारस आहे. ती 5 टक्क्यांहून कमी राखल्यास अधिक लाभ संभवतो. दैनिक 2000 किलोकॅलरी आहारात 10 टक्के म्हणजे सुमारे 50 ग्रॅम साखर होय. साखर न घातलेल्या 200 मिलिलिटर संत्र्याच्या रसात सुमारे 17 ग्रॅम शर्करा असते. त्यात दोन चहाचे चमचे साखर मिसळल्यास दिवसाची निम्मी मर्यादा एकाच पेल्यात संपते.

शरीरातील प्रक्रिया

फळ चावून खाताना त्यातील तंतुमय पदार्थांमुळे पचन मंदावते, पोट भरल्याची जाणीव होते आणि साखर रक्तात हळूहळू मिसळते. रस गाळताना बहुतांश तंतू चोथ्यात जातात. तीन संत्री एकदम खाणे अवघड असते. त्यांचा रस मात्र काही क्षणांत पिता येतो. द्रवरूप साखर जलद शोषली जाते व रक्तशर्करा झपाट्याने वाढते. फ्रुक्टोजचे चयापचय मुख्यतः यकृतात होते. त्याचे अतिरिक्त प्रमाण दीर्घकाळ राहिल्यास यकृतात चरबी तयार होऊन रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढू शकतात. हा हृदयविकाराचा एक धोकादर्शक घटक आहे.

संशोधन काय सांगते?

2013 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील 1,87,382 व्यक्तींच्या अभ्यासात ब्लूबेरी, द्राक्षे व सफरचंद ही फळे खाण्याचा मधुमेहाच्या कमी धोक्याशी, तर रसाच्या अधिक सेवनाचा वाढीव धोक्याशी संबंध दिसून आला. याउलट, नेदरलँड्समधील एका अभ्यासात शुद्ध रसाच्या मर्यादित सेवनाचा हृदयविकाराच्या कमी धोक्याशी संबंध आढळला. संत्रे, मोसंबी यांसारख्या फळांच्या रसात क जीवनसत्त्व व पोटॅशियम असते, हेही खरे. मात्र हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. त्यांतून सहसंबंध कळतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. म्हणून रस हे विष नव्हे. पण तो फळाला पर्यायही नव्हे. प्रश्न प्रमाणाचा व वारंवारतेचा आहे.

धोरणात्मक बाजू

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये रसापेक्षा अखंड फळाला प्राधान्य देण्यात आले असून उसाच्या रसाचे सेवनही मर्यादित ठेवण्यास सांगितले आहे. महाराष्ट्रातील रसवंतिगृहांच्या ग्राहकांना हे लागू पडते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून 2024 मध्ये वेष्टने व जाहिरातींतून '100 टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकण्याचे निर्देश उत्पादकांना दिले. दुसरीकडे, 22 सप्टेंबर 2025 पासून वायुविरहित फळरसयुक्त पेयांवरील वस्तू व सेवा कर 12 वरून 5 टक्के झाला. वायुयुक्त फळपेयांवर तो 40 टक्के आहे. फळप्रक्रिया उद्योगाला चालना आणि सार्वजनिक आरोग्य यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न यातून उभा राहतो.

उपाय

चेन्नईतूनच याचे आश्वासक उत्तर मिळाले आहे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राममध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरील 531 व्यक्तींचा समावेश होता. तीन वर्षांत नियंत्रण गटातील 55 टक्के, तर आहार व व्यायामात बदल करणाऱ्या गटातील 39.3 टक्के व्यक्तींना मधुमेह झाला. साखर टाळणे हा त्या आहारसल्ल्याचा एक भाग होता.

मधुमेहींनी रसाचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. रक्तशर्करा अचानक घसरल्यास अर्धा पेला रस उपयुक्त ठरतो, हा महत्त्वाचा अपवाद होय. ग्रेपफ्रूटचा रस कोलेस्टेरॉलवरील काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवतो. अशी औषधे घेणाऱ्यांनी तो टाळणे इष्ट. इतरांसाठी सूत्र सोपे आहे : तहान पाण्याने भागवावी, फळ चावून खावे आणि रस घ्यायचाच असेल तर तो लहान पेल्यात, साखरेविना घ्यावा.