‘काही झालं नाही’ म्हणतात तेव्हा

गाडीचा धक्का लागून पडलेला माणूस सावरून बसला की पहिल्यांदा म्हणतो, “काही झालं नाही.” चारचौघांत पडल्याचा संकोच असतो, घरी जायची घाई असते, आणि अंगात आलेल्या कंपामुळे दुखणं अजून कळलेलंच नसतं. समोर चालक उभा असतो. त्याचा जीव टांगणीला लागलेला असतो आणि त्याला नेमकं हेच ऐकायचं असतं. मग हात जोडले जातात, क्वचित दोन-चार नोटा पुढे होतात आणि दोघं आपापल्या वाटेने जातात. हे लिहायचं कारण एवढंच, की अशा वेळी त्या वाक्यावर विसंबून कुणीही तिथून निघू नये. चालकानेही नाही आणि पडलेल्यानेही नाही.

माझ्या बाबतीत घडलं ते पुण्यात, धनकवडीतल्या एका गल्लीत गाडी उजवीकडे वळवताना. सकाळची वेळ होती, वेग अगदी कमी होता. बंपरचा कोपरा एका वृद्ध गृहस्थांच्या मांडीला लागला आणि ते डाव्या हातावर पडले. दुधाची पिशवी फुटून डांबरावर पांढरा ओघळ गेला, एक चप्पल चाकाशी येऊन पडली. प्रकरण न्यायालयात आहे, त्यामुळे चूक कोणाची यावर इथे काही लिहिणार नाही. पण चालवणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट सांगते. वळताना समोरच्या काचेच्या कडेचा खांब एक अख्खा माणूस झाकू शकतो. आपली नजर येणाऱ्या वाहनांकडे असते आणि पायी चालणारा नेमका त्या खांबाआड असतो. वळण्याआधी मान जरा पुढे-मागे करून त्या खांबाच्या दोन्ही बाजूंनी बघायची सवय लावून घ्या.

ते उठून दुकानाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, “काही नाही झालं पोरी, जा तू.” पाच मिनिटांत पंधरा-वीस माणसं जमली. एक जण मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “ताई, पाच-दहा हजार द्या आणि मोकळ्या व्हा. पोलीस-बिलीसच्या भानगडीत पडू नका.” तो मनापासून सांगत होता हे मला दिसत होतं. तरी मी ऐकलं नाही, कारण ओळखीच्या एका गृहस्थांचं काय झालं होतं ते मला ठाऊक होतं. त्यांनी गाडीचा धक्का लागलेल्या एका बाईंना असेच रस्त्यात पैसे दिले होते. बाई चालत घरी गेल्या आणि संध्याकाळी त्यांना पाय टेकवेना. खुब्याचं हाड मोडलं होतं. हाड मोडून एकमेकांत रुतून बसलं की काही काळ माणूस त्यावर चालूही शकतो, हे तेव्हा कुणाला माहीत होतं! घरच्यांनी गाडीचा नंबर देऊन तक्रार केली. कागदावर काय दिसलं, तर धडक देऊन निघून गेलेला चालक. पैसे दिल्याचा पुरावा कुठून आणणार?

मी १०८ ला फोन लावला. तोवर कॉलेजमधला एक मुलगा आजोबांजवळ पाणी घेऊन बसला होता. रुग्णवाहिका येईपर्यंत तो सारखा विचारत होता, “मला पोलीस बोलावतील का?” त्याच्यासारख्यांसाठी हे लिहून ठेवते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४-अ हे कलम आलं. अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल कारवाई होत नाही. त्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. या भीतीपायी कुणी हात आखडता घेऊ नये.

आजोबांच्या डाव्या मनगटावर जुनं, चामड्याच्या पट्ट्याचं घड्याळ होतं. रुग्णालयात पोचेपर्यंत तो पट्टा कातडीत रुतला होता. मनगट सुजून टरटरीत झालं होतं आणि बोटातली अंगठी हलत नव्हती. परिचारिकेने आधी घड्याळ काढलं, मग साबण लावून अंगठी. त्या मला म्हणाल्या, “हातावर पडलेल्या माणसाचं घड्याळ-अंगठी तिथल्या तिथे काढायची. नंतर कापावी लागते.” एक्स-रेत मनगटाचं हाड मोडलेलं निघालं. ते अजूनही म्हणतच होते, “काही नाही, मुरगळलाय.”

पण डॉक्टरांना हातापेक्षा डोक्याची काळजी जास्त होती. त्यांचा पहिला प्रश्न होता, “रक्त पातळ व्हायची गोळी घेता का?” आजोबा हृदयासाठी घेत होते. डॉक्टरांनी लगेच डोक्याचं सीटी स्कॅन करायला सांगितलं आणि देखरेखीसाठी ठेवून घेतलं. डोक्याला मार लागला असेल तर कधी कधी आत हळूहळू रक्त साठत जातं. सुरुवातीला माणूस अगदी नीट बोलतो-चालतो आणि काही तासांनी कोसळतो. म्हाताऱ्या माणसांत हे काही आठवड्यांनीही दिसू शकतं, कारण वयानुसार मेंदू आकसून कवटीत जागा झालेली असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळीने हा धोका आणखी वाढतो. सुदैवाने स्कॅनमध्ये काही निघालं नाही. घरी पाठवताना डॉक्टरांनी त्यांच्या सुनेला बजावलं. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, न आवरणारी झोप, बोलण्यात असंबद्धपणा, हातापायात कमजोरी, फिट, यांपैकी काहीही दिसलं तरी रात्र असो की पहाट, तडक रुग्णालयात आणायचं. रस्त्यावरून परस्पर घरी गेलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

आता पोलिसांचं. अपघाताचा रुग्ण आला की रुग्णालय ‘एमएलसी’ म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून नोंद करून पोलिसांना कळवतं. त्यामुळे लपवण्यासारखं काही उरत नाहीच, आणि लपवूही नये. मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमात चालकाची कर्तव्यं स्पष्ट आहेत. जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोचवायचं, पोलीस मागतील ती माहिती द्यायची, जागेवर पोलीस नसतील तर शक्य तितक्या लवकर आणि उशिरात उशिरा २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात जाऊन सांगायचं, आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं. हे न करणं हाच वेगळा गुन्हा आहे. जमाव हिंसक झाला तर काय, असं लोक विचारतात. कायद्याने तेही धरलं आहे. जमावाच्या रोषामुळे थांबणं शक्यच नसेल तर चालकाला सवलत आहे. पण मग तिथून सरळ ठाणं गाठायचं, घर नव्हे. ११२ ला फोन करून ठेवला तर त्याचीही नोंद राहते.

मी भावाला बोलावून घेतलं आणि ठाण्यात गेले. लायसन, आरसी, विमा, पीयूसी दाखवलं. जबाब झाला, जागेचा पंचनामा झाला, गाडी आरटीओच्या निरीक्षकाकडून तपासून घेण्यासाठी ठेवून घेतली. तिथेच कळलं की हाड मोडणं म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ‘गंभीर दुखापत’. माझ्या लेखी लहानसा अपघात होता. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये अशा दुखापतीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बेदरकारपणे वाहन चालवल्याचं कलम २८१ आहे. दोन्ही गुन्हे जामीनपात्र आहेत, त्यामुळे त्याच दिवशी घरी येता आलं. हे वाचून कुणी घाबरू नये. पण ‘किरकोळ’ हा शिक्का आपला आपणच मारून मोकळं होऊ नये, हे मात्र लक्षात असू द्यावं.

जबाब देताना जे पाहिलं, जे केलं, तेवढंच सांगा. “बहुतेक असं झालं असावं” म्हणत रिकाम्या जागा भरू नका. थरथर थांबली की जागेचे फोटो काढा. गाडी कुठे होती, रस्त्यावर काय होतं, उजेड कसा होता, सगळं. कोपऱ्यावरच्या दुकानात कॅमेरा असेल तर त्याच दिवशी दुकानदाराला चित्रण जपून ठेवायला सांगा आणि पोलिसांच्या कानावर घाला. ते काही दिवसांत पुसलं जातं. जखमी माणसाचे फोटो मात्र काढत बसू नका. घरच्यांच्या मनाला ते फार लागतं, आणि का लागू नये?

विम्याबाबत आपल्याकडे फार अज्ञान आहे. तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे तो नेमका या प्रसंगासाठी. जखमीला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते, आणि विमा चालू असेल, लायसन वैध असेल तर ती भरपाई कंपनी देते. कोणाची चूक हे सिद्ध न करताही मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आणि मृत्यू झाल्यास पाच लाख रुपयांची तरतूद आहे. कलम १६६ खालचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. हे मी आजोबांच्या मुलाला स्वतःहून सांगितलं. नातेवाइकांपैकी एक जण मला रागावले, “त्यांना कशाला शिकवतेस?” मला तो राग आजही पटत नाही. विम्याचा हप्ता मी भरते तो त्या माणसाचं नुकसान भरून निघावं म्हणूनच ना? शिवाय केंद्र सरकारने ५ मे २०२५ पासून अपघातग्रस्तांसाठी विनारोकड उपचारांची योजना लागू केली आहे. योजनेतल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार होतात. दाखल करतानाच विचारून घ्यावं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. पॉलिसीत सहसा अट असते की कंपनीच्या लेखी संमतीवाचून चालकाने जबाबदारी कबूल करायची नाही की भरपाईचं वचन द्यायचं नाही. म्हणून कुणी पुढे केलेल्या कागदावर घाईने सही करू नका. माणुसकीला ही अट आड येत नाही. औषधं, प्लास्टर, येण्या-जाण्याचा खर्च तुम्ही उचलू शकता. फक्त पैसे थेट रुग्णालयाच्या खिडकीवर किंवा औषधाच्या दुकानात भरा, पावत्या ठेवा आणि कंपनीला कळवा.

भेटायला जावं की नाही यावर घरात वाद झाला. वकिलांना विचारून मी भावाबरोबर गेले. मुलगा दारातच म्हणाला, “आता कशाला आलात?” मी उत्तर दिलं नाही. ज्याच्या बापाचा हात गळ्यात बांधलेला आहे त्याला बोलायचा हक्क आहे. आपण तिथे बाजू मांडायला गेलेलो नसतो. आजींनी आत बोलावलं, चहा ठेवला. आजोबांना काय अडतंय ते त्यांनीच सांगितलं. सदऱ्याची बटणं लागत नाहीत, अंघोळीला कुणी तरी लागतं, सकाळचं दूध आणणं बंद झालंय. एक्स-रेत हाड दिसतं, हे दिसत नाही. पुढची फेरतपासणी माझ्या गाडीने करू या का, असं मी विचारलं. मुलगा नको म्हणाला आणि मी आग्रह केला नाही. पुढच्या खेपेला त्यानेच फोन केला.

चालवणाऱ्याच्या मनावर जे उमटतं त्याबद्दल आपण बोलतच नाही. जखमीसमोर ते बोलू नये हे खरंच, पण कुणाजवळ तरी बोलावं. मला कित्येक रात्री बंपरचा तो बोदा आवाज झोपेत ऐकू यायचा. पायी चालणारं कुणी दिसलं की पाय आपसूक ब्रेकवर जायचा आणि मागचे हॉर्न वाजवायचे. मैत्रिणी म्हणायच्या, “विसरून जा, एवढं काय झालं?” असं सांगून कुणी विसरत नाही. भाऊ शेजारी बसायचा आणि मी पहाटे मोकळ्या रस्त्यावर गाडी काढायचे, त्याने हळूहळू हात स्थिर झाले. झोप, भूक आठवडे उलटूनही जागेवर येत नसेल, तेच तेच दृश्य डोळ्यांपुढे येत असेल, तर समुपदेशकाकडे जा. सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे विनामूल्य बोलता येतं.

शेवटची विनंती गाडीवाल्यांना नाही, ज्यांच्या घरातली वडीलधारी माणसं सकाळ-संध्याकाळ पायी बाहेर पडतात त्यांना आहे. एका चिठ्ठीवर त्यांचं नाव, घरचे दोन फोन नंबर, चालू औषधांची नावं आणि रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती ठळक अक्षरांत लिहा, आणि चिठ्ठी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात किंवा बटव्यात ठेवा. आजोबांना गोळीचं नाव आठवत नव्हतं. फोन घरी चार्जिंगला लावलेला होता, सुनेचा नंबर पाठ नव्हता, आणि डॉक्टरांना ते नाव मिळेपर्यंत पाऊण तास गेला.