घरच्या संगणकाचे श्रमदान : कोणता प्रकल्प निवडावा, प्रोग्रॅम कसा बसवावा

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील आपल्या पुष्कळ घरांत आता संगणक आला आहे. कोणी तो हप्त्यांवर घेतला, कोणी वापरलेला विकत आणला. मुलांचा अभ्यास, अर्ज भरणे, क्वचित एखादा चित्रपट, एवढ्यासाठी त्याचा उपयोग होतो. परंतु पत्र टाइप करताना किंवा नुसता चालू असताना संगणकाच्या प्रोसेसरची बहुतांश शक्ती रिकामीच असते. ही रिकामी शक्ती जगातील संशोधकांना विनामूल्य देता येते. यालाच स्वयंसेवी वितरित संगणन असे म्हणतात. प्रस्तुत लेखात आपण त्याची माहिती घेणार आहोत. देणाऱ्याने आपण काय देतो, कोणाला देतो आणि त्यापायी घरखर्चात किती भर पडते, हे समजून घेऊनच द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणून निवडीच्या भागाला येथे अधिक जागा दिली आहे.

प्रथम हे काम चालते कसे ते पाहू. लग्नघरी गव्हाची पाच-सहा पोती निवडायची असली म्हणजे एकटी गृहिणी ते करीत नाही. गल्लीतल्या बायका आपापले सूप घेऊन बसतात, प्रत्येकीला थोडे थोडे धान्य मिळते व दुपारपर्यंत काम उरकते. महासंगणकातही हेच तत्त्व आहे. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तेथे 'परम ८०००' तयार झाला. त्यातही अनेक प्रोसेसर एकाच मोठ्या गणिताचे तुकडे वाटून घेऊन एकाच वेळी सोडवीत असत. फरक इतकाच की 'परम'चे प्रोसेसर एका छपराखाली होते, येथे ते हजारो घरांत विखुरलेले असतात आणि इंटरनेटने जोडलेले असतात. आपल्या संगणकाकडे गणिताचा एक तुकडा येतो, तो सोडवून उत्तर परत पाठविले जाते, मग पुढचा तुकडा येतो.

विद्यार्थ्यांच्या मनात येथे शंका येईल की कोणाच्याही घरचे उत्तर खरे कशावरून मानायचे? बँकेत एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासून पास केल्याशिवाय खात्याला लागत नाही. तशीच व्यवस्था यातही आहे. अनेक प्रकल्पांत एकच तुकडा दोन वेगवेगळ्या संगणकांना दिला जातो व दोघांचे उत्तर जुळले तरच ते स्वीकारतात. प्रत्येक तुकड्याला मुदत असते. मुदतीत उत्तर आले नाही तर ते काम दुसऱ्याकडे जाते, म्हणजे अर्धवट टाकून गेलेल्या बाईचे सूप शेजारणीने घ्यावे तसे.

या चळवळीला खरी प्रसिद्धी मिळाली ती मे १९९९ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे सुरू झालेल्या 'सेटी ॲट होम' या प्रकल्पामुळे. अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींत परग्रहावरील बुद्धिमान जीवांची काही खूण सापडते का, हे तो तपासत असे. मार्च २०२० च्या अखेरीस त्याने लोकांना काम पाठविणे बंद केले. जुन्या पुस्तकांत अजूनही त्याचेच नाव वाचायला मिळते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. त्याच मंडळींनी २००२ च्या सुमारास 'बॉइंक' हा सर्वसाधारण प्रोग्रॅम तयार करण्यास सुरुवात केली. बॉइंक मोफत आहे व विंडोज, मॅक, लिनक्स तसेच अँड्रॉइडवर चालतो. बॉइंक हे केवळ वाहन समजावे. त्यात कोणाचे काम भरायचे ते आपण ठरवायचे असते.

आता निवड. महाराष्ट्राच्या विद्यार्थ्याला आम्ही प्रथम 'आइन्स्टाइन ॲट होम' सुचवू. २००५ साली सुरू झालेला हा प्रकल्प अमेरिकेतील लायगो वेधशाळांच्या माहितीत, वेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांपासून सतत येणाऱ्या गुरुत्वीय लहरींचा शोध घेतो. दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर लायगोला १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथम सापडली, ती क्षणभराची होती. सतत येणारी लहर अतिशय क्षीण असते, तिच्यासाठी आकाशाची प्रत्येक दिशा व असंख्य शक्यता तपासाव्या लागतात आणि म्हणूनच घरोघरच्या संगणकांची गरज पडते. तशी लहर अद्याप हाती लागलेली नाही. मात्र याच प्रकल्पाने रेडिओ व गॅमा किरणांच्या माहितीतून नव्वदहून अधिक नवे न्यूट्रॉन तारे शोधले आहेत. त्यांपैकी सेकंदाला सुमारे ४१ वेळा फिरणारा एक तारा २०१० मध्ये जाहीर झाला. त्याची खूण प्रथम दिसली ती अमेरिकेतील आयोवा राज्यातील एका दाम्पत्याच्या व जर्मनीतील एका गृहस्थाच्या संगणकावर. यांच्यापैकी कोणीही व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ नव्हते.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. गोंगाटातून अशी लहर कशी वेचून काढावी याच्या गणिती पद्धतींवर पुण्याच्या आयुका संस्थेत डॉ. संजीव धुरंधर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मोलाचे काम केले. शेजारच्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभारण्यासाठी केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली आहे.

ज्यांना आरोग्याच्या विषयात रस आहे त्यांच्यासाठी 'वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड' आहे. आयबीएमने तो २००४ मध्ये सुरू केला आणि २०२१ मध्ये तो कॅनडातील टोरांटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे गेला. कर्करोगाच्या खुणा शोधण्याचे काम त्यात झाले. क्षयरोगाच्या जंतूवरील कवचाचा अभ्यास करणारा उपक्रमही २०१६ मध्ये त्यात सुरू झाला. क्षयाने माणसे गेलेली घरे आपल्याकडे कमी नाहीत, त्यामुळे हे काम कोणालाही जवळचे वाटेल. तथापि या ग्रिडचे काम मध्यंतरी बराच काळ बंद राहिले होते, तेव्हा जोडण्यापूर्वी काम मिळते आहे ना हे पाहावे. 'रोझेटा ॲट होम' प्रथिनांच्या रचनेचे गणित करते. ज्यांच्या प्रयोगशाळेतून ते निघाले त्या डेव्हिड बेकर यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. याला मेमरी जास्त लागते, जुन्या संगणकावर ते लादू नये. 'फोल्डिंग ॲट होम' हेही प्रथिनांचेच काम, पण त्याचा प्रोग्रॅम वेगळा आहे, बॉइंकमध्ये तो येत नाही.

खर्चाचा हिशेब कोणी सांगत नाही, म्हणून तो येथे मांडतो. समजा, पूर्ण जोराने गणित करताना संगणक नेहमीपेक्षा १०० वॅट जास्त ओढतो. रोज दहा तास म्हणजे रोज एक युनिट, महिन्याला तीस युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपर्यंत एक टप्पा व त्यापुढे चढ्या दराचा दुसरा टप्पा असतो. ज्या घराचे बिल ऐंशी-नव्वद युनिटांवर थांबते, त्याला ही तीस युनिटे महागात पडतील. अशा घराने खुशाल दिवसाचे दोनच तास द्यावेत, अथवा देऊच नये. त्यात कमीपणा काही नाही. दुसरी गोष्ट उष्णतेची. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर जातो, पंखाही गरम हवा फेकतो. त्या दिवसांत हे काम पूर्ण बंद ठेवावे, लॅपटॉपवर तर नक्कीच. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा एक आकडी होतो, तोच याचा खरा हंगाम.

आणखी एक इशारा. या कामात मिळणारे 'क्रेडिट' म्हणजे केवळ गुण, पैसे नव्हेत. संगणक चालू ठेवून घरबसल्या कमाईचे आमिष दाखविणारा निराळा आहे असे समजावे. खरे प्रकल्प ई-मेल, पासवर्ड आणि एखादे टोपणनाव एवढेच मागतात. खाते क्रमांक, आधार वा ओटीपी मागणाऱ्याला कदापि देऊ नये. तसेच कार्यालयातील किंवा शाळेतील संगणक आपल्या मालकीचा नसतो, त्यावर लेखी परवानगीशिवाय हा प्रोग्रॅम बसवू नये.

बसविण्याची कृती सोपी आहे. बॉइंक हा बर्कली विद्यापीठाच्या अधिकृत स्थळावरूनच उतरवावा, मित्राच्या पेनड्राइव्हवरून नको. विंडोजमध्ये 'व्हर्च्युअलबॉक्स' सह व त्याशिवाय असे दोन पर्याय दिसतात. वरीलपैकी आइन्स्टाइनसाठी साधा पर्याय पुरेसा आहे. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर प्रकल्प जोडण्याचा प्रश्न येतो. यादीतून नाव निवडावे व नवे खाते उघडावे.

यानंतर बहुतेक जण थांबतात, वास्तविक महत्त्वाचे पुढेच आहे. 'ऑप्शन्स'मधील 'कॉम्प्युटिंग प्रेफरन्सेस' उघडावे. तेथे एकूण प्रोसेसरपैकी किती वापरायचे ते टक्क्यांत सांगता येते. आरंभी ५० ठेवावे. संगणक वापरात असताना काम थांबवावे, बॅटरीवर असताना थांबवावे, या दोन्ही खुणा कराव्यात. ठराविक वेळातच काम करण्याची सोयही तेथे आहे. मोजके इंटरनेट असणाऱ्यांनी डेटाची मर्यादा घालावी, कारण काही कामांच्या फायली शेकडो एमबीच्या असतात. मध्येच वीज गेली तर सगळे पाण्यात जाते असे नाही. प्रोग्रॅम अधूनमधून झालेले काम जपून ठेवतो व वीज आल्यावर साधारण तेथूनच पुढे चालतो. अर्थात संगणकाच्या प्रकृतीसाठी इन्व्हर्टर किंवा यूपीएस असलेला बरा.

ज्यांच्याकडे चांगला संगणक नाही, त्या विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी २०१३ मध्ये डॉ. आनंद होता यांनी सुरू केलेल्या 'रॅड ॲट होम' या भारतीय उपक्रमाची माहिती करून घ्यावी. त्यात यंत्राची शक्ती द्यायची नसून आपली नजर द्यायची असते. नारायणगावजवळच्या खोडद येथील तीस अँटेनांच्या जीएमआरटी दुर्बिणीने टिपलेल्या प्रतिमा शिकून घेऊन तपासायच्या व वेगळ्या दीर्घिका हेरायच्या, असे त्याचे स्वरूप आहे.

पुढे कधी बॉइंक काढून टाकायचा झाला तर एकदम काढू नये. प्रकल्पाच्या नावावर 'नो न्यू टास्क्स' दाबावे, हातातले तुकडे पूर्ण होऊन उत्तरे गेली की प्रकल्प काढावा व शेवटी प्रोग्रॅम.