ज्येष्ठ भाविकांची त्वचा आणि विदर्भाचे ऊन

मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोशाच्या विणकामासाठी परिचित आहे. ऐन आणि अर्जुन या वृक्षांच्या पानांवर वाढणाऱ्या अळीच्या कोशापासून सूत काढतात, आणि त्या सुतापासून हातमागावर विणलेले वस्त्र पूजेच्या वेळी सोवळे म्हणून नेसण्याची प्रथा आहे. मोहाडीच्या चौंडेश्वरीचे अथवा महाशिवरात्रीस गायमुखाचे दर्शन घेण्यासाठी या परिसरात येणाऱ्या ज्येष्ठ भाविकांनी वस्त्राचा विचार सोवळ्यापलीकडेही करावा, यासाठी हे निवेदन.

भंडारा जिल्हा २१ उत्तर अक्षांशाच्या आसपास वसला असल्याने मे महिन्याच्या अखेरीस सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. आपण ज्याला नवतपा म्हणतो तो काळही हाच. शेजारच्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. परंतु हवेचे तापमान आणि त्वचेस इजा करणारे अतिनील किरण या भिन्न गोष्टी आहेत. महाशिवरात्रीच्या सुखद हवेतही दुपारचे किरण प्रखर असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की आडोसा शोधावा, ही खूण घड्याळाविनाही पाळता येते.

वयोमानाने त्वचा पातळ व कोरडी होते, घाम कमी येतो आणि तहानेची जाणीव मंदावते. सावळ्या वर्णामुळे काही संरक्षण मिळते, पूर्ण नव्हे. लघवी वाढविणाऱ्या रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि काही प्रतिजैविके यांमुळे त्वचा उन्हास अधिक संवेदनशील होते. ती औषधे स्वतःहून बंद न करता वैद्यांस विचारावे. वस्त्र उजेडाकडे धरून पाहावे. आरपार दिसत असेल तर ऊनही आरपार जाते. घट्ट विणीचा, अंगभर सैल पोशाख आणि कानांवरून घेतलेला दुपट्टा उत्तम. जुने विरलेले सुती धोतर वा लुगडे भिजले की त्याचे संरक्षण आणखी घटते, म्हणून ओलेत्याने भर दुपारी प्रदक्षिणा घालणे ज्येष्ठांनी टाळावे. उघड्या राहणाऱ्या चेहऱ्यास व हातांस ऊनरोधक मलम लावल्यास ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे. कपाळीचे चंदन शीतल खरे, पण ते मलमाची जागा घेत नाही.

सर्वांत गंभीर बाब पायांची आहे. हवा ४५ अंशांवर असताना उन्हातील काळी फरशी ६० अंशांपुढे तापू शकते, आणि तेवढ्या उष्णतेने काही सेकंदांतच तळपाय भाजतो. निरोगी माणूस चटका बसताच पाय उचलतो. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या तळपायाची संवेदना मात्र अनेकदा बधिर झालेली असते. चटका जाणवत नाही, प्रदक्षिणा पूर्ण होते, फोड रात्री दिसतो. जखम चिघळली तर बोट किंवा पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर तो सूर्योदयापूर्वी फेडावा. त्याने नवसास उणेपणा येतो असे आम्हांस वाटत नाही. इतर वेळी जाड सुती मोजे चालतील का, हे मंदिरात विचारून घ्यावे. मुक्कामी परतल्यावर तळपाय नातवंडांकडून तपासून घ्यावेत किंवा आरशात पाहावेत. फोड दिसल्यास तो फोडू नये, शाई वा टूथपेस्ट लावू नये. त्यावर साधे स्वच्छ पाणी काही वेळ सोडून दवाखाना गाठावा.

महाप्रसादाच्या सरबतासाठी लिंबे पिळणाऱ्या सेवेकरी माताभगिनींनाही एक सूचना. लिंबाचा रस लागलेल्या हातांवर ऊन पडल्यास फोड व काळे डाग येतात. हात साबणाने धुऊनच उन्हात जावे.

खालचा ओठ, कान, नाक किंवा टकलावर महिनाभरात न भरणारी जखम, खपली धरून पुन्हा रक्त येणारा ठिपका, अथवा आकार बदलणारा तीळ दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांस दाखवावे. तळपाय व नखांखालील नवा काळा डागही दुर्लक्षू नये.

देणगीदारांपैकी कोणास वस्तुरूपाने सेवा करावयाची असल्यास प्रदक्षिणामार्गावर अंथरण्याच्या काथ्याच्या पट्ट्या, रांगेवरील कापडी मांडव आणि पाणपोईचे रांजण यांचा विचार व्हावा. काथ्याच्या पट्ट्या सकाळीच अंथराव्या लागतात आणि दुपारी त्यांवर पाणी शिंपडण्यास एक माणूस लागतो, त्याचाही खर्च धरावा.